मास्तरांनी पकडलेला शुक्रवार

मास्तरांच्या टायपिंग क्लासात कोणाला नाव नव्हतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही जे अक्षर सगळ्यात जास्त चुकवाल ते तुमचं नाव, आणि एकदा पडलं की क्लास सोडला तरी सुटत नसे. मी 'बी'. हे अक्षर डाव्या हाताच्या तर्जनीनं मारायचं असतं आणि मी ते उजव्या तर्जनीनं मारायची. पुढे माझी चूक सुधारली, सरकारी परीक्षेची, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची, दोन्ही सर्टिफिकिटं मिळाली, मी संख्याशास्त्रात एम.एस्सी.पर्यंत पोचले, तरी मास्तरांच्या लेखी मी बीच राहिले. माझ्या शेजारच्या मशीनवर 'सेमीकोलन' बसायचा. पलीकडे कोर्टातले एक पोक्त बेलिफ होते. त्यांना शिफ्टची कळ वेळेवर सोडता येत नसे, त्यामुळे त्यांचं सगळं लिखाण मोठ्या अक्षरांत, ओरडल्यासारखं उमटायचं. त्यांना मास्तर 'कॅपिटल साहेब' म्हणत. वयाचा मान म्हणून साहेब.

मास्तरांनाही नाव असणारच, पण ते पाटीवर नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नाही.

क्लास भिवंडीच्या बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली बारा लूम, कापड विणणारे यंत्रमाग. दुसऱ्या क्लासांत बोटांना ताल लागावा म्हणून टेबलावर पट्टी आपटत, मास्तरांना त्याची गरज नव्हती. लाकडी जमीन लूमच्या ठोक्यांनी हादरायची आणि त्या हादऱ्यावर आम्ही टाइप करायचो. "लूमला डोकं नाही म्हणून तो चुकत नाही," मास्तर सांगायचे. "तुम्हाला आहे, ते चपलांपाशी ठेवून वर या." घोळ व्हायचा तो वीज गेली की. लूम थांबायचे आणि वर आम्हा सगळ्यांची बोटं एकदम अडखळायची. टाइपरायटरला वीज लागत नाही हे त्या क्षणी कोणालाच आठवत नसे. मग मास्तर टाळ्या वाजवून ताल धरत, वीज येईपर्यंत, मग ती कितीही वेळानं येवो.

लूमवर काम करणारा एक उत्तरेकडचा मनुष्य काही दिवस शिकायला येत होता. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला सांगितलं, "शिफ्ट दबाओ." तो म्हणाला, "मास्टरजी, शिफ्ट तो मुझे दबाती है, बारह घंटा." मास्तर स्वतः कधी विनोद करत नसत, पण हा त्याचा विनोद ते दर नव्या बॅचला ऐकवायचे, आणि दर वेळी सांगायचे की हा माझा नाही, त्याचा आहे. दुसऱ्याचं श्रेय चुकूनही आपल्याकडे येऊ नये याची त्यांना धास्ती होती.

त्यांच्या खिशात पेनाच्या शेजारी दात घासायचा एक ब्रश असे. सुताचा कचरा हवेत उडून टाइपच्या अक्षरांत बसायचा आणि 'ई'चं, 'ओ'चं पोट भरून जायचं. बोलता बोलता मास्तर ब्रश काढून अक्षरं घासायला लागत. राग आला की जास्त जोरात. नव्या विद्यार्थ्यांना आम्ही हे आधीच सांगून ठेवायचो, म्हणजे त्यांना मास्तरांचं हवामान कळे.

खोडरबर क्लासात आणायची बंदी होती. "बॅकस्पेस मागे नेतो, पुसत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. चुकलेल्या अक्षरावर बरोबर अक्षर मारलं तर दोन्ही दिसतात. दिसू देत, ते म्हणायचे, वाचणाऱ्याला कळू दे की इथे माणूस बसला होता.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी ते सगळ्या परीक्षार्थींना एसटीत घालून अकलोलीला न्यायचे. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत लोक अंग शेकतात, आम्ही फक्त बोटं शेकायचो. दहा-बारा जण ओळीनं काठावर उकिडवे, हात मनगटापर्यंत पाण्यात, आणि मागे मास्तर घड्याळ धरून उभे. आंघोळीला आलेली माणसं पोरांना काय रोग झालाय म्हणून विचारायची. एका वर्षी सेमीकोलननं भक्तिभावानं बोटं जास्त वेळ बुडवून ठेवली, ती सुजली, आणि तो नापास झाला. मास्तरांनी त्याला बोल लावला नाही. पुढच्या वर्षीपासून त्यांनी वेळ निम्म्यावर आणली आणि त्याची फी घेतली नाही.

पण मास्तरांची खरी कीर्ती वेगळीच होती. क्लासाबरोबर ते लोकांचे अर्जही टाइप करून देत. कोर्टाचे, नगरपालिकेचे, वीज कचेरीचे. कागद हातात घेतला की आधी पूर्ण वाचायचे आणि विचारायचे, "खरं का?" समोरचा हो म्हणाला की दुसरा शब्द, "दाखवा." घरात सहा माणसं आहेत असं लिहिलं असेल तर रेशन कार्ड दाखवा. छप्पर गळतं असं असेल तर चला, बघू. शेजारच्या दुकानातला टायपिस्ट निम्म्या वेळात आणि एकही प्रश्न न विचारता काम करून देई, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडेच जास्त.

वळ गावचा एक शेतकरी एकदा आला. गोदामं तेव्हा नुकती कुठे उभी राहायला लागली होती. जमीन गोदामाला देता यावी म्हणून ती कित्येक वर्षं पडीक आहे असा अर्ज त्याला हवा होता. "खरं का?" मास्तरांनी विचारलं. "आख्ख्या वळला ठावं हाय," तो म्हणाला. मास्तर दुसऱ्या दिवशी सायकल काढून वळला गेले आणि त्या पडीक जमिनीत गुडघाभर भात बघून आले. अर्ज परत देताना त्यांनी सांगितलं की भात फार छान आलंय, तसं लिहायचं असेल तर टाइप करून देतो. गडी शिव्या घालत जिना उतरला. पण पाच-सहा महिन्यांनी तोच परत आला, या वेळी खरा कागद घेऊन. त्याला कचेरीत कळलं होतं की मास्तरांनी टाइप केलेला कागद असला की साहेब चौकशीला माणूस पाठवत नाहीत, सरळ सही करतात. माझे वडील कोर्टात कारकून होते, तेही हेच सांगायचे. वळचे हे काका मग वरचेवर क्लासात येऊन बसत आणि आम्हाला खरं बोलण्याचे फायदे सांगत. मास्तर त्यांना कधी थांबवत नसत, पण ब्रश काढत.

अशा माणसाकडे मी माझा अमेरिकेचा अर्ज टाइप करायला घेऊन गेले.

नव्वदच्या दशकाचा मध्य उलटून गेला होता. मुंबईला आमच्या विभागाच्या फळ्यावर एका नव्याच अभ्यासक्रमाची पत्रकं लागायला लागली होती, क्वांटिटेटिव्ह फायनान्स. उद्याचा भाव कोणालाच माहीत नसताना आज त्यावर करार करायचा, तर त्या कराराची किंमत काय धरायची, याचं गणित. मी ते वाचलं आणि माझी झोप उडाली. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, म्हणजे सट्टा? क्लासात सांगितलं तर वळच्या काकांनी विचारलं, नक्की काय शिकणार? नुकसानीपासून बचाव कसा करायचा ते, मी म्हणाले, त्याला इंग्रजीत 'हेज' म्हणतात. हेज म्हणजे? वई, कुंपण. काका हसून हसून बेजार. "वई घालाया अमेरिकेला जातंस? आमच्या वळला ये, दोन दिसांत शिकवतो. फी बी न्हाय घेनार."

अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा होता, मला हे का शिकायचं आहे त्याचा. 'लहानपणापासून मला वित्तीय बाजारांचं आकर्षण वाटत आलं आहे' अशी माझी सुरुवात होती. सगळ्यांची तशीच असते, असं मला सांगण्यात आलं होतं. मास्तरांनी ते वाक्य वाचून चष्मा काढला.

"लहानपणी तू माझ्या जिन्याखाली लगोरी खेळायचीस. बाजार कुठला, मंडईचा?"

मग मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. आमच्या घरामागे लूमची एक शेड होती. वीज गेली की खडखड थांबे, आली की सुरू होई. दहावीच्या सुट्टीत माझी आणि धाकट्या भावाची पैज लागायची, वीज किती वेळानं येईल याची. जिंकण्यासाठी म्हणून मी वेळा लिहून ठेवायला लागले. किती वाजता लूम थांबले, किती वाजता सुरू झाले. आणि लिहिता लिहिता मला एक गंमत दिसली. वीज जाऊन तास झाला म्हणून ती आता लवकर येईल असं मुळीच नसतं. गेलेला वेळ पुढच्या वेळेबद्दल काहीच सांगत नाही. एम.एस्सी.ला आल्यावर कळलं की संख्याशास्त्रात याला नाव आहे, आणि मला जे शिकायला जायचं होतं त्याच्या पायातही असल्याच कल्पना आहेत.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. वीज येईपर्यंतचा जो वेळ त्यांनी इतकी वर्षं टाळ्या वाजवून काढला होता, त्याचा कोणीतरी हिशेब ठेवला होता. हे लिही, ते म्हणाले, हेच लिही. आणि विचारलं, "किती दिवस लिहिलंस?"

एक सुट्टी. एका सूत कंपनीच्या जुन्या डायरीत एकेचाळीस नोंदी. कॉलेजच्या वह्या आल्या आणि तो नाद सुटला. पण त्यांच्या त्या चेहऱ्यासमोर एकेचाळीस मला फार थोड्या वाटल्या.

"तीन वर्षं," मी म्हणाले.

"खरं का?"

"हो."

'दाखव' ते म्हणाले नाहीत. आख्ख्या भिवंडीला दाखवा म्हणणारा माणूस मला दाखव म्हणाला नाही, कारण मी त्यांची विद्यार्थिनी होते. निबंधाचा तो भाग त्यांनी मला टाइप करू दिला नाही, स्वतः बसून केला.

फेब्रुवारीत दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक विद्यापीठ इतकं नावाजलेलं की बाबांनी ते नाव दुसऱ्याच दिवशी कोर्टात सगळ्यांना सांगून टाकलं. तिथे एका वर्षाचा अभ्यास, व्यवस्थापनाच्या विभागात, आणि बाहेर पडलं की थेट मोठ्या कंपनीत. दुसरं विद्यापीठ बर्फातल्या एका लहान गावी. तिथे गणित विभागानंच हा अभ्यासक्रम नव्यानं काढला होता, दोन वर्षांचा. फी माफ, बदल्यात खालच्या वर्गांना शिकवायचं.

दोन्ही पत्रं मी मास्तरांना दाखवली. त्यांनी आधी मजकूर वाचला नाही, कागद उजेडाकडे धरले. नावाजलेल्या ठिकाणच्या पत्रात माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना जरा जास्तच जागा सुटली होती. "हे पत्र आधीच तयार होतं. तुझं नाव मागाहून बसवलंय," ते म्हणाले. दुसरं साध्या टाइपरायटरवर केलेलं होतं. त्यात एका ठिकाणी अक्षरावर अक्षर मारलेलं होतं आणि खाली एका प्राध्यापकानं हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. तुमची ती तीन वर्षांची वही येताना आणा, त्याआधी काही पानांची प्रत पाठवता आली तर बरं, मला सप्टेंबरातला पहिला तास तिच्यावरच घ्यायचा आहे. मास्तरांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि मान डोलावली.

मला खरं तर गणितच हवं होतं आणि त्या बर्फातल्या गावानं ते पान मांडून वाढून ठेवलं होतं. अडचण एकच. जी वही पाहायला ते एवढे उत्सुक होते, ती नव्हती.

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसानं खोटं बोलू नये, कारण त्याला ते फार चांगलं जमतं. माझ्या एकेचाळीस नोंदींवरून तीन वर्षांच्या नोंदी कशा बनवायच्या हे मला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकाच्या मागे यादृच्छिक, म्हणजे रँडम, अंकांचा तक्ता असतो, तो घेऊन मी तीन दुपारी बसले. तारखा पाडल्या, वेळा पाडल्या. उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. मधे दोन आजारपणाचे खाडे सुद्धा ठेवले. जगातल्या कोणत्याही परीक्षेत ते आकडे उतरले असते. मग क्लासात जाऊन पहिली काही पानं नीट टाइप केली, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून, आपण काय करतोय हे लक्षात न येता, झालेली पानं मास्तरांच्या टेबलावरच्या टोपलीत टाकली.

मास्तर टोपलीतला प्रत्येक कागद वाचायचे. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. भिंतीवर एकाच खिळ्याला दहा-बारा वर्षांची कॅलेंडरं लटकलेली होती, कागद पाठकोरा आहे, कधीतरी सरावाला येईल म्हणून जपलेली. त्यांनी ती काढली, धूळ झटकली, हवं ते वर्ष शोधलं.

"बी, या दिवशी वीज दुपारी दोन दहाला गेली आणि तीन पाचला आली."

"हो."

"कशावरून?"

"लूम सुरू झाले ना, मास्तर."

"शुक्रवारी?"

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शुक्रवारी वीज असली काय आणि नसली काय, आमच्या शेडमधून आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या खऱ्या एकेचाळीस नोंदींत एकही शुक्रवार नव्हता. पण दुपारी तक्ता घेऊन बसलेल्या मला ते सुचलं नाही. पुस्तकात आठवड्याचे सातही दिवस सारखे असतात. बर्फातल्या त्या प्राध्यापकांना हे सात जन्मांत कळलं नसतं. मास्तरांना एका मिनिटात कळलं. त्यांनी पुढची पानं उलटली आणि एकामागून एक शुक्रवारांवर पेन्सिलीनं बारीक ठिपके देत गेले. मला तेव्हा जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं.

"खऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस."

त्यांनी खिशातून ब्रश काढला आणि समोरच्या मशीनची अक्षरं घासायला सुरुवात केली. सगळी घासून काढली. मग मशीनमध्ये कार्बन घालून कागद चढवला आणि खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. मी वही तीन वर्षं ठेवल्याचं लिहिलं ते खोटं आहे, ती एका सुट्टीपुरती होती, नोंदी एकेचाळीस आहेत, एवढं लिहायचं होतं. दोन्ही विद्यापीठांना. पहिल्या ठिकाणी कोणी वही मागितलेलीच नाही, मी म्हणाले, तिकडे कशाला कळवायचं? निबंध दोन्हीकडे गेलाय, ते म्हणाले. आणि दोन्ही जागा गेल्या तर? जातील, ते म्हणाले.

मी टाइप केलं. शेवटी त्यांनी मला बाजूला करून दोन्ही पत्रांवर आणखी दोन ओळी स्वतः मारल्या. हा निबंध टाइप करणाऱ्या माणसाची रीत कागद पाहून मगच टाइप करण्याची आहे, या वेळी त्यानं वही पाहायला मागितली नाही, ही चूक त्याची. खाली सही केली आणि सहीखाली नाव टाइप केलं. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ते त्या पत्रापुरतंच बाहेर काढलं होतं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

घरी सांगावंच लागलं. बाबा म्हणाले, मास्तरांकडे केलंस म्हणून सापडलीस, शेजारच्या दुकानात केलं असतंस तर… आणि आपण काय बोललो ते कळून उठून गेले.

त्यानंतर महिनाभर मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज जात होते. न जाणं म्हणजे सगळंच संपवणं झालं असतं. काही सांगायचंच असलं तर ते, तोवर क्लासातच मदतीला राहिलेल्या सेमीकोलनमार्फत सांगत. "त्या बाईंना सांग, रिबन सुकलीय." "त्या बाईंना विचार, खिडकी लावली तर चालेल का." एका हाताच्या अंतरावर बसलेली मी, आणि मधे बिचारा सेमीकोलन निरोप पोचवतोय. वळच्या काकांना काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं. ते म्हणाले, "काय केलंस गं तू? माझ्यावर बी एवढं न्हाय बिगडलं ते." मी मशीनवर नवा कागद चढवला. बाबांनी कोर्टात आता अमेरिकेचा विषय काढणं सोडलं होतं आणि मी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहत होते.

एप्रिलच्या सुरुवातीला उत्तरं आली, दोन दिवसांच्या अंतरानं.

नावाजलेल्या विद्यापीठानं तीन ओळींत कळवलं होतं की आपल्या पत्राबद्दल आभार, आपल्या फाइलमध्ये आवश्यक ती नोंद केली आहे, आपल्या आगमनाची आम्ही आनंदानं वाट पाहत आहोत. माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना तीच ती मोकळी जागा. बाबांनी ते पत्र देवापुढे ठेवलं. केवढ्या मोठ्या मनाची माणसं, ते म्हणाले.

दुसऱ्या ठिकाणच्या प्राध्यापकांनी दोन पानं हातानं लिहिली होती, आणि ती वाचताना माझे कान तापले. मी तुमचा निबंध समितीत मोठ्यानं वाचून दाखवला होता, त्यांनी लिहिलं होतं, सहकाऱ्यांशी तुमच्यासाठी वाद घातला होता, आणि आता त्यांच्यासमोर मला परत जावं लागलं. आकडे वाढवणारी माणसं या धंद्यात पुष्कळ आहेत, त्यांत भर घालायला माझा विभाग नाही. एकेचाळीस नोंदी पुरेशा होत्या, हे तुम्हाला का वाटलं नाही? तुमची जागा मी काढून घेत नाही, कारण पत्र तुम्ही आपणहून पाठवलंत. फीची माफी राहील. पण पहिलं सत्र तुम्हाला शिकवायला वर्गात उभं करणार नाही, मुलांचे पेपर तपासायचे. वही जशी आहे तशी आणायची, एक ओळही न वाढवता. आणि टाइप करणाऱ्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

मला एवढं कोणी कधी झापलं नव्हतं. ज्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही त्यानं सात समुद्रांपलीकडून मला भरवर्गात उभं केल्यासारखं वाटत होतं. आणि त्याच्या हाताखाली जाऊन दोन वर्षं काढायची? दुसरीकडे ती तीन गोड ओळींची वाट मोकळी होती. तिथे माझी चूक कोणाला ठाऊक असून नसल्यासारखीच होती. बाबांचं मन राहणार होतं, कोर्टातला शब्द राहणार होता. उत्तर आठवडाभरात कळवायचं होतं.

मी दोन्ही पत्रं नेऊन मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि सेमीकोलनकडे पाहिलं, निरोपासाठी. पण मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं. तीन ओळींचं पत्र त्यांनी एकदा वाचलं. दोन पानांचं वाचायला त्यांना फार वेळ लागला. नमस्काराच्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी कागद जरा खाली ठेवला, परत उचलला.

"काय ठरवलंस?" महिन्याभरानं ते माझ्याशी बोलले.

"जिथे रागावले नाहीत तिथे जावंसं वाटतंय, मास्तर. त्यांनी माफ केलं."

"माफ कुठे केलं? त्यांनी वाचलंच नाही." मास्तरांनी दोन पानांचं पत्र माझ्याकडे सरकवलं. "वाचल्याशिवाय माणसाला एवढा राग येत नाही, बी. ज्यांना राग आला त्यांच्याकडे जा."

खाली लूम चालू होते. मी ती दोन पानं पुन्हा वाचली. तोच मजकूर होता, तितकाच कडक. पण या वेळी मला त्यातलं 'तुमच्यासाठी वाद घातला होता' एवढंच दिसत राहिलं. मला गणित हवं होतं हे मला आधीपासून माहीत होतं. ते शिकवणारा माणूस माझी प्रत्येक ओळ वाचेल, आणि खोटी निघाली तर त्याला दुःख होईल, याची भीती वाटत होती. ती भीती मास्तरांनी माझ्यासमोर उघडी करून ठेवली. आयुष्यात मी पुढे जे काही नीट केलं असेल ते या एका दुपारच्या पुण्याईनं, असं मी मनापासून मानते.

"आणि तुम्ही, मास्तर?" मी विचारलं.

"मी अजून रागावलेलाच आहे," ते म्हणाले. "बस. येते म्हणून कळव त्यांना."

मी बसले. ते पत्र बिनचूक झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यात तीन चुका झाल्या. डोळे भरलेले असले की होतात.